रिकाम्या गाडीचं वजन

शॉकअपवाल्याच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला आधी काट्यावर चढावं लागे. दारातच डाव्या हाताला, गोदामात पोती तोलायला असतो तसला लोखंडी काटा होता. हेल्मेट, जॅकेट, बूट, सगळं अंगावर ठेवून चढायचं. पोट आत ओढणारे, श्वास रोखणारे, "हा काटा जास्तच दाखवतो" म्हणून हुज्जत घालणारे, सगळे नमुने त्याने पाहिले होते. तो म्हणायचा, "घरी काय ते खोटं बोला, इथे नको. स्प्रिंगला सगळं कळतं."

काम तसं सरळ होतं. कारखान्यातून मोटरसायकल येते ती सरासरी माणसासाठी, आणि सरासरी माणूस कुणीच नसतो. ज्याचं जसं वजन, तशी मागची स्प्रिंग आवळायची किंवा सैल करायची, म्हणजे वळणावर गाडी त्याचं ऐकते. त्यासाठी त्याच्याकडे एक लाकडी काठी होती. ती मागच्या चाकाशेजारी जमिनीवर उभी धरायची. रिकाम्या गाडीच्या शेपटाची कड जिथे येते तिथे पेन्सिलीची एक रेघ, आणि माणूस बसल्यावर गाडी दबते तिथे दुसरी. दोन रेघांच्या मधलं अंतर म्हणजे तो माणूस. गिऱ्हाईक गेलं की पॉलिश पेपरने रेघा घासून टाकायच्या.

हे काम एकट्याने होत नाही. एकाने बसायचं, दुसऱ्याने काठी धरायची. ही काठी धरायला त्याची मुलगी असायची. लहानपणापासून तोंडाला खंड नाही म्हणून तिचं नाव पडलं होतं फटफटी. पुढे ती चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागली, तरी दुकान बंद झालं की घरी न जाता आधी वर्कशॉपमध्ये यायची आणि बोलायला सुरुवात करायची. गेली दोन वर्षं तिच्या बोलण्यात विषय एकच होता. एक नवी मिडलवेट स्पोर्ट्स बाईक येणार होती.

"बाबा, मोठीसारखी अंगावर येत नाही आणि छोटीसारखी चढावर दम टाकत नाही. दोन सिलिंडर. वजन बघा किती कमी! माझे पाय टेकतील."

"टेकतील ना. उंच टाचांचे बूट घातलेस की."

"थट्टा करा. निळी घेणार आहे मी. पैलवान म्हणते लाल घे. लाल काय, लाल तर फायर ब्रिगेडची पण असते."

पैलवान म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण. तलावावर पोहायला शिकवायची, खांदे दारात मावायचे नाहीत, आणि फटफटीला एका हाताने उचलून बाजूला ठेवायची. दोघी एकाच फोनवर डोकी लावून त्या बाईकचे चोरून काढलेले फोटो बघायच्या. हेडलाइट असा असेल की तसा, यावरून दोन दोन दिवस अबोला धरायच्या. गाडी बाजारात यायच्या आधीच त्या बापाला तिचा नट न् नट पाठ झाला होता.

मग फटफटीला ताप येऊ लागला. बारीक, रेंगाळणारा. कपडे सैल झाले तेव्हा ती खूशच झाली. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. पुढच्या महिन्यात ते तसं म्हणेनासे झाले.

गाडीचा अनावरण सोहळा फोनवर लागला तेव्हा ती हॉस्पिटलच्या खाटेवर होती. पैलवान शेजारी टेकली होती. इअरफोनचं एक टोक हिच्या कानात, एक तिच्या. पडदा सरकला, निळी गाडी गर्रकन फिरली आणि दोघी अशा किंचाळल्या की नर्स धावत आली. त्याच संध्याकाळी फटफटीने पडल्या पडल्या बुकिंग केलं. बापाला जवळ बोलावून म्हणाली, "बाबा, माझ्या वजनाला बसवून द्यायची हं. आत्ताच्या नाही. खऱ्या."

"देतो," तो म्हणाला.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी शोरूममधून फोन आला. पलीकडचा आवाज उत्साहाने फुटत होता. अभिनंदन, तुमची गाडी आली आहे.

बायको म्हणाली, "कशाला आणता ती?" तिच्याकडे न बघता तो गेला आणि घेऊन आला. शब्द दिला होता, एवढंच त्याला कळत होतं. निळ्या रंगावरचं प्लास्टिक त्याने सोलून काढलं. पुढचं चाक धरणाऱ्या स्टँडमध्ये गाडी सरळ उभी केली. फटफटीचं खरं वजन त्याला पाठ होतं. तेवढी वाळू पिशव्यांत भरली, पिशव्या सीटवर बांधल्या, आणि काठी स्वतःच धरून सकाळभर स्प्रिंग आवळत, सैल करत राहिला. गाडी बरोब्बर हवी तिथे बसली तेव्हा त्याने रेघ ओढली. मग पिशव्या उतरवून वरची, रिकाम्या गाडीची रेघ ओढली आणि वाळू मागच्या अंगणात ओतली. आपल्या मुलीचं वजन आता जगात एवढ्या एकाच ठिकाणी, या स्प्रिंगच्या पिळात उरलंय, असं त्याला वाटलं आणि तो जमिनीवर बसून खूप रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं तर गाडी दबलेली होती.

फार नाही. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. त्याने काठी लावून पाहिली. शेपटाची कड खालच्या रेघेवर होती, फटफटीच्या. सीटवर काही नव्हतं. कव्हरवर सुरकुतीसुद्धा नव्हती.

दोन्ही हातांनी शेपूट धरून त्याने गाडी वर ओढली. ती वर आली आणि सोडल्यावर सावकाश खाली जाऊन पुन्हा रेघेवर थांबली. माणूस नीट सावरून बसतो तशी.

भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्याने स्प्रिंग काढली, तपासली, दुसऱ्या गाडीला लावून पाहिली. उत्तम. सांधे उघडून ग्रीस भरलं. तेल गळत नव्हतं. सगळं परत बसवलं, आणि गाडी त्याच रेघेवर जाऊन बसली. शेवटी त्याने हात पुसले आणि इतर गिऱ्हाइकांची कामं पुढे ओढली. पण त्या दिवशी तो गुणगुणत होता, हे शेजारच्या पंक्चरवाल्याने त्याला बोलून दाखवलं.

तिसऱ्या सकाळी कड रेघेच्या किंचित वर होती. त्याने तिथे नवी रेघ ओढली. पुढच्या सकाळी आणखी किंचित वर. तो रोज रेघ ओढत गेला. गाडी हलकी होत होती. का, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. रोज सकाळी शटर उघडल्याबरोबर तो आधी काठी लावायचा, आणि गाडी अजून थोडी तरी दबलेली दिसली की जीव भांड्यात पडायचा.

एका दुपारी बायको डबा घेऊन आली. ती गाडी आल्यापासून वर्कशॉपमध्ये पाऊल टाकत नव्हती, पण तो सकाळी डबा विसरला होता. भिंतीला टेकवलेली काठी तिने उचलली आणि एकेका रेघेवरून बोट नेलं. जवळजवळच्या रेघा, मग एक मोठी फट, मग पुन्हा जवळजवळच्या.

"इथे तिने जेवण सोडलं," फटीवर बोट ठेवून ती म्हणाली.

तो पान्याचं ग्रीस पुसत राहिला.

"अहो, मी रोज सकाळी तिला दंडाला धरून वॉर्डातल्या काट्यावर चढवत होते. मला नाही कळणार?" तिने वरची रिकाम्या गाडीची रेघ शोधली. शेवटच्या खुणेपासून ती आता बोटाच्या पेराएवढीच दूर होती. "अजून चार-पाच दिवस. मग परत तेच. मला नाही बघवणार. पैलवानला द्या ही. आजच्या आज द्या. इथे नका ठेवू तिला."

त्यालाही हेच हवं होतं; फक्त उच्चारायला कुणीतरी हवं होतं. इथे, ग्रीसच्या वासात, भिंतीकडे तोंड करून ती दुसऱ्यांदा संपणार होती. त्यापेक्षा रस्त्यावर तरी जाऊ दे. तिने दोन वर्षं वाट पाहिलेली गाडी होती ती.

पैलवान संध्याकाळी आली, डोळे सुजवून. "काका, मी कशी घेऊ? तिची आहे."

"म्हणूनच घे. चढ काट्यावर."

काट्याने कुरकूर केली. "हा जास्तच दाखवतो," ती सवयीने म्हणाली आणि दोघंही हसली. त्याने हिशोबाने स्प्रिंग आवळली. ती गाडीवर बसली, बायकोने काठी धरली. गाडी हवी तिथे आली, आणि मग केसभर आणखी खाली गेली. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि मागची पायदानं नीट मिटवली.

इंजिन सुरू झालं. व्हिडिओंत हजारदा ऐकवलेला तो आवाज खराच छान होता. पैलवान हेल्मेटच्या आत रडत होती की हसत होती, कळलं नाही. कोपऱ्यावर वळताना गाडी अशी सुरेख कलली की त्याच्या तोंडून "वा" निघून गेलं.

आठवड्याने तिला चेन तपासायला बोलावलं होतं. काट्यावर चढली आणि म्हणाली, "बघा काका, बाईकनं बारीक केलं मला! रोज सुटी झाली की लांब चक्कर मारते. भूकच आठवत नाही."

काटा खरंच कमी दाखवत होता. त्याने ती काठी घासली नव्हती. गाडी स्टँडमध्ये लावून रिकामीच मोजली, आणि मोजून झाल्यावर पुन्हा एकदा मोजली. कड चार रेघा खाली उतरली होती.

त्या संध्याकाळी बायकोने ताट वाढताना विचारलं, "कशी आहे?"

"भरतेय," तो म्हणाला.

तिच्या हातातला डाव थांबला. "अंगी लागतंय?"

"लागतंय."

कित्येक महिन्यांनी दोघं पोटभर जेवली. पैलवानचं वजन कमी झालंय, हे त्याने सांगितलं नाही. सांगायचं राहून गेलं, असं त्याने स्वतःला समजावलं.

नंतर पैलवान आली ती जॅकेटचा पट्टा शेवटच्या भोकावर आवळून. दारात न मावणारे खांदे आता सहज आत आले. काट्यावर चढली आणि या वेळी तिने थट्टा केली नाही.

"जरा कणकण असते काका. संध्याकाळची. आई म्हणते, नीट जेवत नाहीस. डॉक्टरकडे पण नेलं तिनं. रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत."

त्याच्या हातातली काठी निसटून खाली पडली.

"काय झालं?"

"काही नाही."

काठी उचलून त्याने गाडीशेजारी उभी धरली. कड त्या मोठ्या फटीच्या कधीच खाली गेली होती. तळाच्या रेघेपासून, वाळूच्या पिशव्यांनी ओढलेल्या त्याच्या फटफटीच्या खऱ्या रेघेपासून, फक्त दोन रेघा वर.

ही पोर दवाखान्यात रात्र रात्र खुर्चीवर बसली होती. त्याच्या मुलीचे केस विंचरले होते तिने. हिलाही आई होती. एक वाक्य बोलायचं होतं. गाडी इथेच ठेव, पोरी, चालत घरी जा. वाक्य त्याच्या जिभेवर आलं.

मग त्याने पुन्हा काठीकडे पाहिलं.

"तू हलकी झालीस," तो म्हणाला. "स्प्रिंग थोडी सैल करून देतो."

काम झालं. पैलवानने हेल्मेट चढवलं. गाडीवर बसायला तिला आता जरा आधार लागला. त्याने दंड धरला. मग खाली वाकून त्याने मागची पायदानं उघडली. आधी डावं, मग उजवं.

"मागे कोण बसणार आहे काका?"

"असू देत," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात ये. नक्की ये हं."