खर्जातली टिकटिक

"माझा अल्बम उद्या दिराच्या नावानं निघतोय," पल्लवी म्हणाली.

सांगलीच्या त्या छोट्या ऑफिसात गुप्तहेर उत्कर्षा घाडगे शांतपणे ऐकत होती. तिचा मदतनीस, निवृत्त हवालदार तानाजी, बाईला आपादमस्तक न्याहाळत होता. चपला दाराबाहेर, पायात जाड चांदीची जोडवी, कडेगावची सून. आणि म्हणे हिनं परदेशी पॉप-रॉकची गाणी सोल जॅझच्या ढंगात ऑर्गनवर वाजवली! तानाजीला हे काही पचेना.

"शिकलात कुठं?" त्यानं विचारलं.

"वडलांचा बँड हुता. ऑर्गन त्यांचाच. साईराजभावजीबी त्यांच्याकडंच शिकलं. दोघांनाबी गाणी पाठ हायती, वाजवून दावलं तर काय सिद्ध हुणार? आता नाव गेलं, तर घरातली परत ऑर्गनला हात लावू देत्याल व्हय?"

रेकॉर्डिंग झालं त्या कुपवाडच्या स्टुडिओत मालक वीरधवलनं हात झटकले. "दोघंही यायची. मी भिंतीपलीकडं बसतो, माणूस दिसत नाही."

त्यानं अल्बम लावला. ऑर्गन असा रसरशीत वाजत होता, की तानाजीची मान डोलू लागली. पायांनी लाकडी पट्ट्या दाबून काढलेल्या खर्जाबरोबर मात्र बारीक टिकटिक येत होती.

"माइक पायापाशीच होता," वीरधवल म्हणाला. "टिकटिक काय गेली नाही."

तेवढ्यात साईराज आला. बूट दाराशी काढून, नुसत्या मोज्यांनिशी तो तिथल्या त्याच ऑर्गनपाशी बसला आणि त्यानं तीच गाणी झोकात वाजवली. गडी पक्का हाय, बाईच लबाड, असं तानाजीनं मनाशी ठरवूनही टाकलं.

"रेकॉर्डिंगलाही मोजे होते?" उत्कर्षानं विचारलं.

"व्हय. पट्ट्या गार लागत्यात. मोजं कवाच काढलं न्हाईत."

उत्कर्षानं बाहेर थांबलेल्या पल्लवीला आत बोलावलं. ती वाजवू लागली आणि टिकटिक सुरू झाली.

"ऑर्गनच जुना हाय!" साईराज ओरडला.

"मग तुमच्या पायाखाली का गप्प होता?" उत्कर्षा म्हणाली. "खर्ज थांबला की टिकटिक थांबते, म्हणजे ती पायातून येते. वाद्याला पादत्राण लावायचं नाही म्हणून दोघंही बाहेर काढता. मोज्यांचा आवाज होत नाही. लाकडावर वाजतात ती जोडवी. अल्बमभर तीच वाजतायत."

तानाजीला स्वतःचीच लाज वाटली.

साईराज वरमला, पण हटला नाही. "वैनी, एकच घर हाय. नाव दिराचं काय आन् वैनीचं काय?"

पल्लवी पहिल्यांदाच त्याच्याकडं रोखून बघत म्हणाली, "एकच घर हाय न्हवं? मग माझं लिवा."