भोंगाबंद

बसा ना. दिवा तुमच्याकडे सरकवून घ्या, मला तो लागत नाही. काम तसं साधंच होतं. जुना सर्व्हर उद्या बंद करायचा होता, आणि त्याच्यावर कुणाचं काही चालू नाही ना, एवढंच मला बघायचं होतं. मामानंच पाठवलं. "टॉप लावून बघ गं, रिकामा असेल तर मोकळे होऊ," म्हणाला.

मामा म्हणजे सख्खा मामा नव्हे. माझ्या दादाचा जिवाभावाचा मित्र. दोघांनी मिळून ही कंपनी काढली, आणि तो आमच्याच घरात जेवायचा, म्हणून सगळ्यांचाच मामा. दादा त्याच सर्व्हरच्या खोलीत वारला. तिथे आग विझवणारा गॅस असतो, त्यात माणूस गुदमरतो. तो सुटण्याआधी भोंगा वाजतो आणि माणसं बाहेर पळतात. त्या दिवशी गॅस सुटला, पण भोंगा वाजलाच नाही. चौकशीत निघालं की भोंगा बंद करायची कमांड दादाच्याच खात्यातून गेली होती. म्हणजे चूक त्याचीच! तेव्हापासून वहिनी खाली मान घालून वावरायची. माझं तर डोकंच फिरायचं, कारण दादा कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा माणूस. पण मामा पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "जाऊ दे गं, माणूस आहे, चुकतो." आणि मी शहाणी त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडायचे.

भर दुपार होती. सुट्टी असल्यामुळे इमारतीत चिटपाखरू नव्हतं. रिकाम्या मशीनचे पंखे कसे, मंद फिरतात. हे मात्र दाराबाहेरूनच घोंघावत होते. आत तापलेल्या धुळीचा वास होता, आणि त्यात कुठेतरी लवंगेचा. दादा काम करताना लवंग चघळायचा. म्हटलं, मनाचे खेळ, दुसरं काय.

टॉप ही साधी कमांड. कुठला प्रोग्राम प्रोसेसर किती खातोय ते दाखवते. लावली. सगळ्यात वर एक ओळ आली. खातं दादाचं. प्रोग्रामचं नाव भोंगाबंद. जवळजवळ अख्खा प्रोसेसर तोच खात होता, आणि अवस्थेच्या रकान्यात होतं झेड.

झेड म्हणजे झॉम्बी. प्रोग्राम मेलेला असतो, पण ज्यानं त्याला सुरू केलं त्यानं त्या मरणाची दखलच घेतलेली नसते, म्हणून यादीत नुसतं नाव उरतं. असं नाव प्रोसेसरचा कणसुद्धा खाऊ शकत नाही. मेलेलं काम करत नाही हो!

किल, म्हणजे प्रोग्राम मारायची कमांड, दिली. ओळ ढिम्म हलली नाही. अर्थात, मेलेल्याला पुन्हा काय मारणार? अशा वेळी एकच करायचं असतं, त्याचा पालक शोधायचा. म्हणजे त्याला कुणी जन्माला घातलं ते बघायचं. चौकशीवाल्यांनी खात्याचं नाव बघितलं आणि हात झटकले. पालक कुणी विचारलाच नव्हता. मी विचारला.

पालक मामाच्या खात्यावर चालू होता. नाव दादाचं आणि हात मामाचा.

"दिसलं का काही?"

मामा दारात उभा होता. कधी आला, कळलंच नाही.

"मामा... भोंगा तू बंद केलास?"

"चाचणीत सारखा बोंबलत होता गं. बाहेर ग्राहक बसलेले. म्हटलं, घटकाभर..."

"दादाच्या नावानं?"

"तो आत जाईल हे मला काय माहीत..."

"आणि नंतर? वहिनीसमोर बसून जेवलास ना रे! घास कसा उतरला तुझ्या घशाखाली?"

"ती ओळ काढून टाक," तो अगदी हळू म्हणाला. "मी काय परका आहे का?"

"नाही काढणार. आत्ता वहिनीला बोलावते आणि दाखवते."

त्यानं नुसती मान हलवली आणि बाहेर गेला. दार लागल्याचा आवाज आला. मी पडद्याकडे वळले, आणि का कोण जाणे, मोठ्यानं म्हणाले, "दादा, कळलं रे मला. तू नव्हतास."

पंखे मंदावले. ओळ गेली. लवंगेचा वासही गेला. मला हुंदका आवरेना.

मग तिथेच, सगळ्यात वर, नवी ओळ आली. भोंगाबंद. पालक मामाचाच. खातं माझं. अवस्था झेड... आणि मी तर अजून खुर्चीत बसले होते, श्वास चालू होता माझा. उठून दार ओढलं. ते बाहेरून लागलं होतं. छतात कुठेतरी बारीक फुस्स झालं.

भोंगा वाजला नाही.

या खेपेला म्हणे चूक माझी निघाली. मामा वहिनीशेजारी बसून ढसाढसा रडला, आणि तिनं त्याला पाणी दिलं. माझ्या वहिनीनं! तो सर्व्हर कधीच भंगारात गेला, वायरी तोडलेल्या आहेत त्याच्या. पण पंखे घोंघावतायत, ऐकू येतंय ना तुम्हाला?

मग एकदाच म्हणा ना... कळलं म्हणून.