त्याचा ‘मी’, तिचा आवाज

“ही खुर्ची माझी आहे.”

तो दचकला, कानावरचे हेडफोन काढून उठला. काचेची एवढीशी खोली, त्यात दोन खुर्च्या, दोन माइक. माणूस उन्हात रापलेला आणि अंगातला कोट बाह्यांत तोकडा, कुणाचा तरी मागून आणल्यासारखा.

“माफ करा. साक्षीदाराने इथे बसायचं, असं वाटलं.”

“साक्षीदार तिकडे बसतो. सगळ्यांच्या समोर.” तिने काचेपलीकडचं लांबलचक टेबल दाखवलं.

त्याने टेबलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मग इथेच बरं होतं...”

ती हसली. हसायला नको होतं, पण शपथ अजून व्हायची होती.

भांडण दोन देशांतल्या दोन कंपन्यांचं. एकीने दुसरीसाठी समुद्रात धक्का बांधायला घेतला, अर्ध्यावर काम थांबलं, आणि दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं. असली भांडणं कुठल्या एका देशाच्या कोर्टात जात नाहीत. तिसऱ्याच शहरात, दोघींना मान्य असलेल्या तीन पंचांपुढे चालतात. त्यालाच लवाद म्हणतात. काम थांबवायचा हुकूम देणारा साइटवरचा इंजिनियर तो हाच. त्याला लवादाची भाषा येत नव्हती, आणि ती दुभाषी होती.

दुभाष्याचं काम मोठं विरक्तीचं, बरं का. जीभ आपली, शब्द परक्याचे. साक्षीदार ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. ‘तो म्हणतो’ असं चालत नाही. स्वतःचा मी दाराबाहेर ठेवूनच आत यायचं. साधूंना जे साधायला जन्म लागतो, ते ती रोज सकाळी करत आली होती.

त्यात नियम असा, की साक्ष चालू असेपर्यंत साक्षीदाराने खटल्यातल्या कुणाशी बोलायचं नाही. स्वतःच्या वकिलाशीसुद्धा नाही. जेवणाच्या सुट्टीत तो लांबच्या खिडकीशी कप घेऊन एकटा उभा राही. अलीकडच्या खिडकीशी ती. मधे नुसता व्हरांडा... आणि कधीतरी, चुकून वर गेलेली नजर.

पण खोलीत तिचाच आवाज त्याच्या कानात असे. समोरच्या वकीलबाईंचा तिखट प्रश्न तिच्या मऊ सुरात त्याच्यापर्यंत पोचे. आणि तो उत्तर देताना एक वाक्य बोलून थांबे. काचेकडे बघे. तिचं बोलून झालं, तिने श्वास घेतला, की मगच पुढचं वाक्य. इतक्या वर्षांत तिच्या श्वासाची काळजी कुठल्या साक्षीदाराने केली नव्हती.

तिच्याबरोबर आळीपाळीने माइक सांभाळणारे जुने दुभाषी होते, त्यांना सगळे काका म्हणत. काकांच्या नजरेतून काही सुटत नसे.

“तुझ्या पाळीला थांबत थांबत बोलतो,” ते पुटपुटले. “माझ्या पाळीला घोड्यावर बसतो.”

“तुमचा वेगच जास्त आहे, काका.”

“हो तर. या वयात वेगच वाढतो ना माणसाचा.”

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी विचारलं, “वरिष्ठांना न विचारता काम थांबवलंत. का?”

त्याने काचेकडे पाहिलं. मग म्हणाला, “मला भीती वाटली.”

आणि ती माइकमध्ये म्हणाली, “मला धोका जाणवला.”

शब्द तोंडातून गेला तेव्हा तिलाच कळलं आपण काय केलं. धोका ओळखणारा इंजिनियर शहाणा ठरतो. घाबरणारा? त्याला हे लोक फाडून खातील. थंडीत कुडकुडणाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालावं, तसा तिने तो शब्द त्याच्यावर घातला होता. काकांनी तिच्याकडे पाहिलं.

संध्याकाळी घरी आईने ताट वाढलं. “दिवसभर परक्यांसाठी बोलतेस, घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप.”

“आई, चांगल्या माणसासाठी थोडं खोटं बोललं तर?”

आईने वाढता हात थांबवला. “देवाला ते आधीच ठाऊक असतं, बाळ. माणसांना सांगायचं तेवढं उरतं.” मग हळूच, “कोण आहे गं तो?”

“आई...”

“बरं बरं. जेव.”

ताटातलं तसंच राहिलं. खरं सांगावं तर त्या एका शब्दावर त्याची साक्ष मोडणार, आणि तिला पुन्हा कुणी बोलावणार नाही. गप्प राहावं तर निवाडा खोट्या शब्दावर उभा राहणार, आणि तिचा आवाज यापुढे तिलाच खरा वाटणार नाही. लवादात पंच असो की दुभाषी, मन एका बाजूला झुकलं तर ते आपणहून उघड करावं लागतं. कुणी विचारायची वाट बघायची नसते.

सकाळी ती काचेच्या खोलीतून बाहेर आली आणि पंचांसमोर उभी राहिली. आत माइकपाशी काका. तिचं बोलणं साक्षीदाराच्या भाषेत त्याच्या कानापर्यंत पोचवायचं काम आता त्यांचं होतं.

“काल मी साक्षीदाराचा शब्द बदलला,” ती म्हणाली. “ते म्हणाले, भीती वाटली. मी सांगितलं, धोका जाणवला. हे नजरचुकीने झालेलं नाही. शपथेनंतर आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललेलो नाही. त्यांना यातलं काही माहीत नाही. पण... माझं मन त्यांच्याकडे ओढलं गेलं आहे. मी तटस्थ राहिलेली नाही.”

नियम तो नियम. काकांनाही ‘मी’च म्हणावं लागलं. “माझं मन... त्यांच्याकडे...” तो घोगरा आवाज अडला, खोकला, पाण्याचा घोट घेऊन पुन्हा उभा राहिला आणि वाक्य पूर्ण करून थांबला. खोलीत कुणी हसलं नाही. साक्षीदाराने दोन्ही हातांनी हेडफोन कानांशी घट्ट धरले होते.

मुख्य पंचांनी चष्मा काढला. “तुम्ही सांगितलंत, हे बरं केलंत. शब्द दुरुस्त होईल. तुम्हाला मात्र या कामातून मोकळं करावं लागेल.”

ती पर्स घ्यायला वळली. वकीलबाई तोवर उठल्याच होत्या. “म्हणजे तुम्ही घाबरून काम थांबवलंत?”

उत्तर तिने दारात ऐकलं. तिला दुभाषी लागणार नव्हता.

“हो, घाबरलो. खाली पाण्यात माझी माणसं होती आणि तळाची माती सरकत होती. तेव्हा घाबरलो नसतो, तर आज तुमच्यासमोर नाही, कुणाच्या तरी आईसमोर उभा असतो.”

काकांनी ते जसंच्या तसं सांगितलं. वकीलबाईंनी हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. “त्याची साक्ष संपली. बाकी मी काही बोललेलो नाही. बोलायचं नसतं.” आणि फोन बंद.

ती लवादाच्या इमारतीपाशी गेली तेव्हा तो समोरच्या फुटपाथवर उभा होता. धुकं उतरत होतं. कोट त्याने हातावर घेतला होता.

“तुमचं काम गेलं,” तो म्हणाला.

“गेलं. तुमची साक्ष?”

“टिकली असं म्हणतात. देव जाणे.” तो थोडा घुटमळला. “ते... परवाचं तुमचं बोलणं. मी ते काकांच्या आवाजात ऐकलंय.”

“नीट सांगितलं ना त्यांनी?”

“खोकल्यासकट. पण असल्या गोष्टी पुरुषाच्या घोगऱ्या आवाजात... जीव घाबरा होतो हो माणसाचा.”

ती हसली, मग डोळे भरून आले. दुसऱ्यांच्या वतीने भडाभडा बोलणारी जीभ आता जड झाली होती.

“मला तुम्ही आवडता,” ती म्हणाली. एवढंच. कुणाच्याही वतीने नव्हे.

त्याने मान खाली घातली, देवापुढे घालतात तशी.

“पण निवाडा लागेपर्यंत भेटायला नको,” ती म्हणाली. “तुम्हाला पुन्हा साक्षीला बोलावू शकतात. तुमच्या खऱ्या साक्षीवर माझ्यामुळे डाग नको.”

“निवाडा कधी लागतो?”

“वर्षही जातं कधी कधी.”

“समुद्रात बांधकाम करतो मी. तिथे पायालाच वर्ष लागतं.” त्याने रस्त्याकडे पाहिलं. “आज घरापर्यंत सोडू?”

“नको. बसस्टॉपपर्यंत.”

बसस्टॉप चार पावलांवर होता, तरी बराच वेळ लागला. तिची बस आली, दार उघडलं, मिटलं, गेली. मग पुढचीही गेली. ती थांबवायला दोघांपैकी कुणीच हात केला नाही.