खदानीकडची खूण

गाडी क्रेनने खदानीतून वर काढली तेव्हा डॅशबोर्डवरचा जीपीएस टायमर चालूच होता.

काच फुटली होती, छत दबले होते. पण त्या काळ्या डबीतला हिरवा दिवा मिणमिणत होता. वर उघडे आकाश मिळताच तिने उपग्रह पकडले आणि पुढच्या फेरीसाठी ती तयार झाली.

करुणा खदानीच्या कडेला उभी होती. तिच्या वडिलांना, रत्नपाल यांना, त्याआधीच दवाखान्यात हलवले होते. घाई करण्यासारखे काही उरले नव्हते.

"ताई, एक विचारू का?" उपनिरीक्षक वसराम राठोड हळू आवाजात म्हणाले. "ब्रेकच्या खुणा बघा. कडेच्या अगदी जवळ सुरू होतात. आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस. या मैदानात रोज गाडी फिरवणारा. त्याला कड कुठं आहे ते माहीत नव्हतं?"

"तुम्हाला काय म्हणायचं आहे?"

"घरात काही वाद?"



डोंगरकडा गावातल्या घरी तिची आई, भागूबाई, भिंतीला टेकून बसली होती. राठोडांचा प्रश्न तिच्यापर्यंत आधीच पोचला होता.

"सकाळी म्याच बोलले त्यायला," ती म्हणाली. "म्हणलं, पुरी झाली आता ती गाडी, घरात बसा जरा. काही न बोलता उठून गेले. करुणा, माझ्या बोलण्यानं गेले का गं ते?"

"नाही, आई."

"मंग मला दाखवून दे. नुसतं न्हाई म्हणू नको."

करुणा परभणीला भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होती. हद्दीच्या भांडणात उभे राहून दोन्ही बाजूंना जमीन दाखवून देणे हेच तिचे काम होते. नुसते 'नाही' म्हणून भागत नाही, हे तिलाही ठाऊक होते.

निवृत्तीनंतर रत्नपाल यांनी आणि धाकट्या रविंद्रने एक जुनी मारुती सोलून शर्यतीची केली होती. बंद पडलेल्या गिट्टीच्या खदानीशेजारी मुरमाचे मैदान होते. तिथे त्यांनी वळणे आखली, सुरुवातीला चुन्याची रेघ मारली आणि प्रत्येक वळणाआधी, ब्रेक मारायच्या जागी, एक पांढरा दगड पुरला. पुढच्या महिन्यात औंढ्याजवळ मातीवरची शर्यत होती. गाडी एक, चालवणारा एक. नाव रत्नपाल यांचे दिले होते.

रविंद्र अंगणात खाटेवर बसला होता. करुणा त्याच्यासमोर बसली.

"टायमर कोण लावायचं?"

"मीच. बाबांना बटणांचा कंटाळा."

"कसा लावायचास?"

"त्यात काय, ताई? रेघेवर गाडी न्यायची, बटण दाबायचं. ती जागा डबीच्या ध्यानात राहती. मंग दर फेरीला रेघ ओलांडली की टाइम दाखवती. तीन वळणांच्या आधी आणखी तीन खुणा टाकल्या व्हत्या. तिथं बजर वाजतो."

"खुणा रोज टाकाव्या लागतात?"

"न्हाई. एकदाच."

"बाबांची नजर कशी होती?"

"घारीची. शेवटपर्यंत." तो क्षणभर थांबला. "मला बी पटत न्हाई, ताई. पण त्यायला कड दिसत व्हती. दिसत असून गेले."

बजर जोडला होता मुन्नाने. बस थांब्यासमोर त्याचे गाड्यांच्या वायरिंगचे दुकान होते. त्याने स्टूल पुसून पुढे केले.

"जयभीम, ताई. बसा."

"हा बजर कशाचा आहे रे?"

"ट्रॅक्टरच्या रिव्हर्सचा. आमी लई हसलो. म्हणलं काका, तुमी फुडं जाऊन राहिले का मागं?"

"काहून एवढा मोठा?"

"हेल्मेटात बारकी पिपी ऐकू येत न्हाई म्हणले."

"डबीला हात कोण लावायचं?"

"रवीदादाच. रोज सकाळी काका यायच्या आधी एक फेरी मारायचा, बैलगाडीवानी हळू. म्या इचारलं तर म्हणे, सॅटेलाइट धरून राहिलो."

"आणि काका? शेवटी शेवटी कसे होते?"

"खूश! रोज टाइम कमी येऊन राहिला व्हता. म्हणले, मुन्ना, माझं म्हातारपण उलटं चालायलंय." मुन्ना हसला आणि मग हसू कुठे ठेवावे हे न कळून हातातली वायर सोलू लागला.

दुसऱ्या दिवशी करुणा कार्यालयातून मोजणीचे मशीन मागून घेऊन मैदानात गेली. टायमर जप्त होता, म्हणून राठोडही आले. डबीतल्या चार जागा तिने एकेक करून जमिनीवर शोधल्या. पहिली चुन्याच्या रेघेवर आली. दुसरी आणि तिसरी रत्नपाल यांच्या पांढऱ्या दगडांवर. चौथी लांब, सरळ पट्टीच्या शेवटची. तिथे दगड मागे राहिला आणि करुणा चालतच राहिली.

"ताई, बस," राठोड ओरडले. "पुढं खदान आहे."

"मला माहीत आहे," ती म्हणाली आणि तिथे खुंटी ठोकली.

"मशीन चुकत असेल."

"कोणतं? माझं की ते?"

राठोडांनी खुंटीकडे पाहिले, मग मागच्या दगडाकडे.

घरी भागूबाईने चहा ओतला. "तुझे बाबा अलीकडं गिलासात बोट घालून चहा ओतायचे," ती म्हणाली. "म्या म्हणायचे, हे काय घाणेरडं. तर म्हणायचे, गरम हाय का बघतो."

करुणाने गिलास खाली ठेवला. "डोळे दाखवले होते का कधी?"

"रवीनं नेलं व्हतं नांदेडला, दिवाळीच्या आधी. काही न्हाई म्हणले दोघं बी. थेंब दिले व्हते."

थेंबांची बाटली फ्रिजच्या दारात होती. तिच्यावरचे औषधाचे नाव करुणाने फोनवर शोधून वाचले. फ्रिजचे दार बराच वेळ उघडे होते.

वडिलांचा जलदान विधी उरकल्यावर तिने आईला आणि रविंद्रला पोलीस ठाण्यात नेले. राठोडांनी दार लोटून घेतले.

"बाबांना काचबिंदू होता," करुणा म्हणाली. "गेलेली नजर त्यात परत येत नाही. समोरचा थोडा तुकडा दिसत असेल. धूळ उडाली की तोही नाही. म्हणून ते कानाने गाडी चालवत होते. सरळ पट्टीत गाडी सोडायची आणि बजर वाजला की ब्रेक. तो मोठा बजर हेल्मेटासाठी नव्हता."

भागूबाई तिच्याकडे पाहत राहिली.

"डबीतल्या तीन जागा जमिनीवर बरोबर बसतात. चौथी खदानीकडे गेली आहे. उपग्रहाची चूक असती तर चारही जागा सरकल्या असत्या, आणि एकाच बाजूला. एकच सरकली, म्हणजे ती कुणीतरी सरकवली. डबीत रोजच्या फेऱ्यांची नोंदही आहे. बजर वाजला की बाबा लगेच ब्रेक मारत. शेवटच्या फेरीतही तसाच मारला. जीव द्यायला निघालेला माणूस बजरची वाट बघत नाही."

"म्हंजे ब्रेक मारला व्हता त्यायनी?" भागूबाईने विचारले.

"मारला होता, आई."

राठोड पुढे झुकले. "पण मुलगा तर म्हणतो, नजर चांगली होती."

"तोच त्यांना नांदेडला घेऊन गेला होता. डॉक्टरांनी सांगितलेलं त्याने ऐकलं होतं. नजर चांगली म्हटली की एकच उत्तर उरतं, मुद्दाम गेले. ते त्याने तुम्हाला दिलं. आईलाही दिलं."

"ताई, म्या फक्त..." रविंद्र म्हणाला.

"रोज सकाळी हळू फेरी कशासाठी मारायचास?"

"सॅटेलाइट धरायला."

"त्याला गाडी फिरवावी लागत नाही. उघड्यावर उभी केली तरी डबी उपग्रह धरते. माझं मशीन मी रोज तसंच लावते. हळू जावं लागतं ते खूण टाकताना. आणि खूण एकदाच टाकायची असते, हे तूच मला सांगितलंस."

करुणाने खुर्ची त्याच्यासमोर ओढली.

"एकदम सरकवली असती तर बाबांना कळलं असतं. माझ्याकडे मोजणीला येतात ना, त्यातला कुणीच शेजाऱ्याचा बांध एका दिवसात ढकलत नाही. दर पेरणीला नांगराची एक सरी आत. शेजाऱ्याच्या ध्यानात येतं तेव्हा पट्टाच गेलेला असतो. बाबांची ब्रेकची जागा रोज थोडी थोडी पुढे गेली आहे. तू बांध कोरल्यासारखी ती खूण कोरलीस, रवी."

रविंद्रने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली होती.

"मला वाटलं, घाबरतील," तो म्हणाला. "एकदा गाडी मऊ मातीत घसरली की सवताच उतरतील. गाडी म्या बांधली, ताई. इंजिन म्या उघडलं. अन् ते म्हणायचे, फुडच्या वर्षी तू. दरसाल फुडच्या वर्षी."

"डोळ्यांचं सगळ्यांना सांगितलं असतंस तर शर्यतीतून त्यांचं नाव निघालं असतं."

"त्यायनी शपथ घातली व्हती." त्याचा आवाज फुटला. "पण ते घाबरलेच न्हाईत. ब्रेक उशिरा लागला की टाइम कमी येतो. ते खूश व्हायचे. माझ्या पाठीवर थाप मारायचे. म्हणायचे, बघ, अजून जमतंय मला. मंग म्या आणखी सरकवली. ते आणखी खूश."

"शेवटच्या सकाळी कड किती जवळ आली होती, ते त्यांना दिसत नव्हतं," करुणा म्हणाली. "तुला दिसत होतं."



राठोडांनी समोरचा कागद बाजूला सारला. "ताई, मला पटलं. पण पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. बटण कुणाच्या बोटानं दाबलं, ते डबी सांगत नाही. मी अहवाल वर पाठवतो. पण पहिला वकील मला विचारील, दिसत नसलेला माणूस गाडीत बसलाच कशाला? त्याला काय सांगू?"



"आज याला ठेवून घ्यावं एवढं माझ्या हातात नाही. बोलावलं की यायचं," राठोड रविंद्रला म्हणाले. मग भागूबाईकडे वळले. "आई, जीव दिला असं आता कुणी लिहिणार नाही. तेवढं मी बघतो."

भागूबाईने मान हलवली. पदर सारखा केला.

"म्हंजे माझ्या बोलण्यानं न्हाई गेले," ती म्हणाली.

"नाही, आई."

"माझ्या बोलण्यानं गेले असते तर बरं झालं असतं."

बाहेर ऊन होते. ते तिघे आले होते रविंद्रच्याच, प्रवासी वाहणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपने, आणि दोघींपैकी कुणालाच गाडी येत नव्हती. फाट्यावर बस कधी येईल याचा भरवसा नव्हता. भागूबाई जीपच्या बाजूला थोडा वेळ उभी राहिली. करुणाला वाटले, ती चालत निघेल. पण ती मागच्या सीटवर चढली आणि बाहेर बघत बसली. करुणा तिच्या शेजारी बसली.

रविंद्रने किल्ली फिरवली नाही.

"आई," तो समोर बघत म्हणाला, "दार लागलं का?"

भागूबाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"आई?"

रस्त्यावरून सोयाबीनने भरलेली एक ट्रॉली गेली. तिची धूळ आत आली, सीटवर बसली.

"लागलंय," शेवटी करुणा म्हणाली. "चल."