मधल्या भिंतीची ऊब

आमच्या जिन्यातला दिवा मोठा कंजूष. बटण दाबलं की जेमतेम दोन मजले साथ देतो, मग टप्पकन विझतो. त्या संध्याकाळी भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या कवटाळून माझी लेक झ्लातिना पुढे, मी धापा टाकत मागे... आणि चौथ्या मजल्यावर अंधार. लगेच तिची कुणाशी तरी धडक! एक बरणी निसटली, पण फुटल्याचा आवाज काही आला नाही.

"पकडली," अंधारातून एक पुरुषी आवाज.

"आभारी आहे. आता माझा हात सोडा," झ्लातिना म्हणाली.

"अरे— मला वाटलं, ही दुसरी बरणी."

मी चाचपडत बटण दाबलं. समोर एक हडकुळा, उंच तरुण, कानाच्या पाळीपर्यंत लाल. दामियान त्याचं नाव. शेजारच्या घरात नुकताच राहायला आलेला, दातांच्या दवाखान्यांना कवळ्या करून देणारा.

"म्हणजे आपली भिंत एकच की," तो झ्लातिनाकडे बघत म्हणाला.

"भिंत एक असली तरी दारं दोन आहेत," मी म्हटलं. पोरीनं ओठ दाबले. हसू मात्र डोळ्यांतून सांडलंच.

आमच्या बल्गेरियातल्या रुसे शहरातला हिवाळा काही लाडाचा नाही. डॅन्यूबवरून धुकं उठतं ते सरळ हाडांत शिरतं. शहराच्या भट्टीतलं गरम पाणी नळांनी घरोघरच्या खोल्या तापवणाऱ्या लोखंडी रेडिएटरमध्ये खेळतं, आणि ज्याचा रेडिएटर जितका तापेल तितकं त्याचं बिल फुगतं. नवरा गेल्यापासून मी आमचे सगळे बंद करून टाकले होते. दोघी एका खोलीत राहायचो, शेजारच्या घराला लागून असलेल्या मधल्या भिंतीला पलंग लावून. खिडकीवर जाड घोंगडी, दाराखाली गुंडाळलेलं फडकं, पाव भाजून झाला की ओव्हनचं दार उघडं. त्या वर्षी तर खोली इतकी छान राहिली की मी अख्ख्या इमारतीला ऐकवलं, "बिल कमी येतं ते नशिबानं नाही बायांनो, संसार करता यावा लागतो!"

दामियान एकदा रबराची पट्टी घेऊन आला. म्हणे, तुमच्या खिडकीच्या फटीतून वारा येत असेल. फट वीतभर, पण तासभर लागला त्याला.

"कवळीसुद्धा इतक्या सावकाश बसवता का?" झ्लातिनानं विचारलं.

"समोरचा माणूस बडबड करत असेल तर वेळ लागतो."

"मग मी गप्प बसते."

"नको ना..." तो पटकन म्हणाला, आणि पट्टी हातातून पडली.

मी विणकामात मान घातली. मला काय दिसत नव्हतं होय!

मग नवं वर्ष लागलं, आणि एका सकाळी पलंगालगतची कोमट भिंत गार. आधी वाटलं, थंडी वाढली असेल. दुसऱ्या दिवशीही गार. झ्लातिना कामावर जाताना भिंतीला तळवा लावून उभी राहायची, जशी आई तापलेल्या लेकराचं कपाळ बघते... फक्त इथे काळजी उलटी होती, ताप नसल्याची.

"आजारी असेल का गं, आई?"

"दार वाजवून विचार."

"वाजवलं. आत पावलं ऐकू आली. उघडलं नाही."

मग खालची पेन्का बातमी घेऊन आली. दामियान घर भाड्यानं देतोय, बहिणीकडे वार्नाला चाललाय. भाडेकरू घर बघूनही गेला म्हणे. झ्लातिनाचा चमचा ताटलीतच राहिला. त्या दिवसापासून पोरीचं जेवणावरचं लक्ष उडालं. जिन्यात कुणाची पेटी आपटली तरी दचकून दाराशी जायची.

"मीच काही बोलले असेन," ती म्हणाली. "जास्त थट्टा केली त्याची."

"थट्टेनं पळणारा पुरुष गेलेलाच बरा," मी म्हटलं खरं, पण माझाही घास तोंडातच फिरत होता. पोरगी माझ्यासारखी मानी. न बोलता त्याला जाऊ देईल आणि मग आयुष्यभर त्या भिंतीकडे बघत बसेल, ही धास्ती मला.

शेवटी रविवारी तिनं कोट चढवला आणि शेजारचं दार दणादणा ठोकलं. मी सूप वाढून घेतलं आणि मागोमाग गेले. आजारी असला तर लागेल म्हणून! दार अर्धवट उघडं होतं. मी बोळातच थांबले.

भिंतीलगतच्या त्या खोलीत पलंग नव्हता, खुर्ची नव्हती, पडदासुद्धा नव्हता. नुसता एक रेडिएटर, तोही गार. मधोमध ती दोघं, तोंडातून वाफा निघतायत.

"तू झोपतोस कुठे?" झ्लातिना विचारत होती.

"स्वयंपाकघरात. आल्यापासून."

"मग ही खोली कुणासाठी तापवत होतास?"

तो बुटांकडे बघत राहिला. "तू म्हणाली होतीस... सकाळी केस सुकत नाहीत म्हणून."

बोळात मी मनातल्या मनात हिशेब केला. म्हणजे माझी घोंगडी, माझं फडकं, माझा तोरा... सगळं या पोराच्या जिवावर!

"मग बिल आलं," तो पुढे म्हणाला. "भरलं, पण आता झेपत नाही. तुला काय सांगू? माझ्याच्यानं एक भिंतसुद्धा तापवणं होत नाही म्हणून?"

"वेड्या, मी भिंतीसाठी आलेय का?" तिचा आवाज फाटला. "वार्नाला जाऊ नकोस."

"इथे राहू तरी कसा, झ्लातिना? या घराचं..."

"दोन घरं तापवायचीच कशाला?"

त्यानं मान वर केली. मग अडखळत म्हणाला, "हे तू... मला विचारतेयस?"

"तू विचारेपर्यंत थंडी सरून एप्रिल उजाडेल!"

तो हसला, आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. आता आत जाणं मला भाग होतं, नाहीतर मीही पुसले असते.

"लग्नाआधी माझ्या घरात कुणी राहायचं नाही," मी म्हटलं. "जेवायला मात्र यायचं. आत्ता."

"हो, मावशी."

"मावशी काय? आई म्हण."

घरी येऊन मी आमच्या खोलीतल्या रेडिएटरची चावी धरली. वर्षानुवर्षं बंद, गंजलेली. दामियान पक्कड शोधायला लागला. मी त्याला हात लावू दिला नाही. दोन्ही हातांनी जोर केला तेव्हा ती कुरकुरत फिरली, आत हवा फुसफुसली आणि पाणी खळखळत धावलं.

लोखंड तापायला वेळ लागतो. दोघांनी त्यावर तळवे टेकले होते... एकमेकांजवळ, मग एकमेकांवर. सूप तोवर पार गारठलं होतं. मी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं, सूप पुन्हा शेगडीवर ठेवलं, आणि आच मुद्दाम बारीक केली.