गवंडेमामांचा नारळ

बार्शीच्या इतिहास प्रयोगशाळेत ऐन खंडेनवमीच्या सकाळी ‘विश्वासशोषक’ तयार झाला. डॉ. अच्युत पिंगे आणि डॉ. वत्सला ढमढेरे यांनी आपापले जाडजूड ग्रंथ टेबलावर आपटले. पिंग्यांच्या मते इतिहास पोट घडवतं, बाईंच्या मते श्रद्धा. हरेल त्यानं तीस वर्षं खपून लिहिलेला आपला ग्रंथ स्वतःच्या हातानं फाडायचा, अशी पैज.

“हे यंत्र खोलीतल्या माणसांचा फक्त विश्वास शोषतं,” बाई तंत्रज्ञ गवंडेमामांना म्हणाल्या. “बुद्धी, भूक, सवयी तशाच राहतात. मग कोण काय करतं ते बघायचं.”

“पण दहाच मिनिटं हं,” पिंगे म्हणाले. “त्यानंतर गेलेला विश्वास कायमचा गेला. त्याआधी हे लाल बटण दाबायचं.”

यंत्र घरघरलं.

सातव्या मिनिटाला पिंग्यांना कडकडून भूक लागली. समोर पोह्यांची बशी.

“खा की!” बाई म्हणाल्या.

“खाल्ल्यानं भूक जाईल कशावरून?”

“तेही खरंच.”

नववं मिनिट लागलं. “बाई, बटण दाबा.”

“दाबून बंद होईल कशावरून?”

“आपणच तसं बनवलंय.”

“आपल्याला काय कळतंय?”

पिंगे गोंधळून बशीकडे बघत राहिले. “मामा, तुम्ही तरी दाबा!”

“तुम्हाला कळत नाही, तर मला काय कळणार?” असं म्हणत मामांनी यंत्राला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं आणि नारळ उचलला.

“हे कशाला?”

“काय की. उपयोग होईलसं वाटत नाही. पण खंडेनवमी आहे ना!”

मामांनी यंत्राच्या लोखंडी कडेवर नारळ फोडला. पाणी जाळीतून आत गेलं. फुस्स! धूर, मग शांतता. साडेनऊ मिनिटं झाली होती.

पिंग्यांनी बशीवर झडप घातली.

“म्हणजे ना भुकेनं काही झालं, ना श्रद्धेनं,” मामा म्हणाले. “दोन्ही ग्रंथ फाडायचे ना?”

दोघांनी आपापला ग्रंथ छातीशी धरला.

“नारळ खायचाच असतो!” पिंगे पोहे चावत ओरडले. “शेवटी पोटच!”

“पूजेचा होता तो! श्रद्धाच!”

“अहो, फोडला मी! माझ्या मनात यातलं काहीच नव्हतं!”

दोघं एका सुरात म्हणाले, “मामा, तुम्हाला काय कळतंय?”

मामांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. यंत्र पुरतं बंद पडलं होतं, यात आता शंकाच नव्हती.