रात्री एक वाजताचं ऊन

"हे पाहा, फोटोवर वेळ बी छापून आली. दुपारचे चार! माणूस खोटं बोलन, मशीन बोलत नाही."

विकासकाकांनी कॅमेऱ्याचा पडदा सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला. ते शाळा समितीचे अध्यक्ष, कबड्डी मंडळाचेही अध्यक्ष आणि गावातल्या एकुलत्या एका मोबाईल दुकानाचे मालक. यंत्रांच्या बाबतीत त्यांच्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती.

फोटोत शाळेच्या व्हरांड्याला शिडी लावून सैफुद्दीनचाचा वर चढलेले दिसत होते. खांद्यावर पोतं आणि हात थेट शाळेच्या पितळी घंटेवर. काल भर दुपारी झाडांना पाणी घालायला आलेल्या दुर्गाबाईंनी ती घंटा स्वतःच्या हातानं पुसली होती. आज सकाळी येऊन पाहतात तो नुसता आकडा लोंबकळत होता.

"मी काल सकाळी आलतो, विकासभाऊ," सैफुद्दीनचाचा म्हणाले. "आकडा ढिल्ला झाला, पाहून घ्या, असं तुमीच सांगतलं. पोत्यात माझे औजारं होते."

"सकाळी? मग हे चार कोणाचे?"

सरपंच पंचफुलाबाई रिसोडला गेल्या होत्या. संध्याकाळी त्या आल्या की पोलीस ठाण्यात जायचं, असं ठरवून मंडळी पांगली. अर्ध्या गावाची फाटकं चाचांनीच वेल्डिंग करून दिलेली, पण जाताना त्यांच्याकडे कुणी धड पाहिलंसुद्धा नाही.

सगळ्यात वाईट अवस्था प्रसेनजितची होती. फोटो त्यानंच काढला होता, आणि चाचांचा मुलगा शहबाज हा त्याचा जिवलग दोस्त. दिवाळीच्या सुट्टीसाठी सुकेशनी मॅडमनी शाळेचा डिजिटल कॅमेरा सातवीच्या पोरांच्या हाती दिला होता. झेंड्याच्या खांबाची सावली दिवसभर कशी फिरते, त्याचे एकाच जागेवरून फोटो काढायचे, हा भूगोलाचा अभ्यास. त्यातल्याच एका फोटोत चाचा सापडले होते.

"तू काहून काढला तो फोटो?" शहबाजनं विचारलं आणि तोंड फिरवलं. प्रसेनजितला रडूच आलं.

"भांडण मग करा," धम्मदीपा म्हणाली. ही तिघांतली तिसरी, आणि डोक्यानं पहिली. "कॅमेरा आण इकडं. विकासकाकानं एकच फोटो पाह्यला. आपण सगळे पाहू."

चिंचेखाली बसून तिघांनी कालचे फोटो एकेक करून पुढे सरकवले. शेवटच्या फोटोवर धम्मदीपाचं बोट थांबलं. मैदानात पिवळं ऊन, खांबाची लांबलचक सावली पार फाटकापर्यंत गेलेली. खाली छापलेली वेळ मात्र रात्री एकची.

"रात्री एक वाजता आपल्या गावात ऊन पडते काय रे?"

"हा फोटो तर मी संध्याकाळी पाचले काढला," प्रसेनजित चक्रावून म्हणाला. मग त्याची ट्यूब पेटली. "परवा विकासकाकानं सेल बदलून देले. तवा कॅमेऱ्यानं वेळ विचारली, अन् काका फोनवर बोलता बोलता नुसते ओके, ओके दाबत गेले."

म्हणजे घड्याळ आठ तास पुढे होतं! चारचा फोटो सकाळी आठचा होता. चाचा येऊन गेल्यानंतर दुर्गाबाईंनी घंटा पुसली होती. शहबाजनं हळूच मान इकडे वळवली.

"पण मग घंटा गेली कुठं?"

उत्तर त्याच शेवटच्या फोटोत होतं. खांबाच्या सावलीशेजारी आणखी एक सावली पडली होती. खाली ऑटो, वर मोठा भोंगा. प्रसेनजितला आता आठवलं. एक ऑटो येऊन व्हरांड्याशी उभा राहिला होता खरा. फोटोत तो यायला नको म्हणून प्रसेनजित चार पावलं सरकला होता, मान वर करून त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं.

"भोंग्याचा ऑटो एकच फिरून राह्यला," शहबाज उठलाच. "मेडशीच्या कबड्डी सामन्यांचा!"

तिघं मिळेल त्या जीपनं शेजारच्या मेडशीला पोचले. मैदानावर धुरळा उडत होता. डाव संपला आणि टण्ण आवाज झाला. तिघं जागीच थबकले. रोज सकाळी ज्या आवाजानं पळत सुटायचं, तो आवाज त्यांनी हजारात ओळखला असता. पंचांच्या टेबलाशी कबड्डी मंडळाचा सोमला घंटेजवळ आरामात बसला होता.

"चोरून कायले आणू?" पोरांनी विचारताच सोमला चिडलाच. "विकासभाऊनं फोनवर सांगतलं ना, शाळेतून लागन ते घेऊन जा म्हणून."

शहबाजला तिथूनच फोन करायचा होता. धम्मदीपानं त्याला थांबवलं. "नुसती घंटा सापडली तर म्हणतील, चाचानंच नेऊन इकली. आधी त्यायले फोटो वाचाले शिकवू."

संध्याकाळी शाळेपुढे पुन्हा गर्दी जमली. पंचफुलाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. चाचा एका बाजूला खाली मान घालून उभे होते.

"सरपंचबाई, विकासकाकाले एकच विचाराचं," धम्मदीपा पुढे झाली. "काका, चाचाच्या या फोटोत खांबाची सावली कोणीकडं आहे?"

"व्हरांड्याकडं. त्याचं काय?"

"आता चार वाजून गेले. खाली पाहा."

सगळ्यांनी खाली पाहिलं. खांबाची सावली व्हरांड्याकडे पाठ फिरवून सरळ फाटकाकडे पसरली होती. विकासकाकांनी कॅमेऱ्यात पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, परत कॅमेऱ्यात पाहिलं.

"सकाळी सावली व्हरांड्यावर अन् दुपारनंतर फाटकाकडं. सूर्य काही सेल बदलून उलटा फिरत नाही," दुर्गाबाई पदराआड हसत म्हणाल्या. प्रसेनजितनं रात्री एकचं ऊन दाखवलं, तशी सगळी गर्दीच हसायला लागली.

"मग घंटा कोणं नेली?" विकासकाका घाम पुसत म्हणाले.

"सोमलाकाकाले फोन लावा. स्पीकरवर," शहबाज म्हणाला.

काकांनी फोन लावला. पलीकडून भोंग्याचा कलकलाट ऐकू आला आणि त्यामागून खणखणीत टण्ण! मग सोमलाचा आवाज: "बोला विकासभाऊ. घंटा लय कामी आली. तुमचे उपकार!"

विकासकाकांचा चेहरा पडला. "मी तं चटया-खुर्च्यांसाठी म्हणलं होतं," ते पुटपुटले. "मशीन कसं खोटं बोललं पण?"

"मशीन नाही बोललं, काका," प्रसेनजित म्हणाला. "त्याले तुमीच चुकीची वेळ शिकवली."

पंचफुलाबाई उठल्या. त्यांनी विकासकाकांना सगळ्यांसमोर चाचांची माफी मागायला लावली, आणि काकांनी ती हात जोडून मागितली. मग त्या पोरांना म्हणाल्या, "आमी मोठे माणसं एक फोटो पाहून निकाल देऊन बसलो. तुमी सगळे पाह्यले. हुशार आहा रे पोरंहो."

घंटा दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली. ती टांगायचा मान अर्थातच सैफुद्दीनचाचांचा होता. ते शिडीवर चढले, खाली शिडी धरून शहबाज ऐटीत उभा राहिला.

"प्रसेनजित, बेटा, आता काढ फोटो," चाचा वरून म्हणाले.

प्रसेनजित घाईघाईनं कॅमेऱ्याचं घड्याळ नीट करू लागला. शहबाजनं मोठ्यानं हाक मारली, "घड्याळ राहू दे ना बे. सावली दिसून राह्यली ना?"

कालपासूनचं ते त्याचं दोस्तीचं पहिलं वाक्य होतं. प्रसेनजितनं हसत बटण दाबलं, आणि वर चाचांनी घंटेवर असा टोला दिला की सुट्टी असूनही अर्धी शाळा पळत आली.